वायरिंगच्या कामाआधी बॅटरी काढताय? या चुका टाळा

नवा हॉर्न, फॉग लॅम्प, म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा. व्हिडिओ बघून घरीच बसवायचं, याला माझी काही हरकत नाही. राग येतो तो दहाचा पाना हातात असूनही बॅटरीचा मायनस न काढणाऱ्यांचा. दोन मिनिटांचं काम, पण ‘एवढ्याशासाठी कशाला’ म्हणत टाळायचं आणि मग जळालेल्या वायरींचा गुंता पिशवीत घालून आमच्या गॅरेजच्या दारात यायचं.

चावी काढली, करंट बंद

सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत महागात जाणारी समजूत. चावीने बंद होतात ती फक्त इग्निशनवर चालणारी सर्किटं. बॅटरीच्या प्लसवरून सेल्फकडे, म्हणजे स्टार्टर मोटरकडे, जाणाऱ्या जाड वायरीत चोवीस तास सप्लाय असतो आणि बहुतेक गाड्यांत तिला वाटेत फ्यूजही नसतो. इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या मागे रबरी टोपीखाली जो नट असतो, तिथेही तेच.

एकदा एक पिकअप दोरीने ओढत आणली. मालकाच्या भाच्याने अंगणातच सेल्फ खोलायला घेतला होता. जाड वायरीचा नट सोडवताना पान्याचं दुसरं टोक इंजिनच्या ब्लॉकला टेकलं आणि पाना जागेवरच वेल्ड झाला. वायर तापली, तिचं प्लास्टिक वितळून शेजारच्या सेन्सरच्या वायरींवर गळायला लागलं. पोरगा बॅटरीकडे धावला, तर मायनसचा नट गंजून घट्ट. शेवटी कुणीतरी फावड्याच्या दांड्याने पाना उडवला, तेव्हा ते थांबलं. गाडी आमच्याकडे आली तेव्हा बॅटरीच्या प्लसचा खांब अर्धा वितळलेला होता. आणि भाचा मला काय सांगतो? ‘‘काका, पण चावी तर माझ्या खिशात होती.’’

हाताला चटका बसला तेवढ्यावर निभावलं. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरं आहे, आणि म्हणूनच कुणी घाबरत नाही. पण भाजतं ते अँपिअरने, आणि छोट्या कारची बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर सोडते. अंगठी, कडं, स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ आधी काढून ठेवा. आमच्याकडे नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याचं कडं खुंटीला जातं. रुसला तर रुसू दे.

आधी प्लस सोडणं

काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. हे पाठ असणारे पुष्कळ भेटतात, का ते सांगणारे थोडे. गाडीची अख्खी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस जागेवर असताना प्लसचा नट सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला कुठेही टेकला, की वरच्या भाच्याची गोष्ट. उलट मायनस सोडवताना पाना बॉडीला लागला तरी दोन्ही बाजू एकच, काही होत नाही. आणि मायनस एकदा निघाला की प्लसवरचा पाना कुठेही लागो, करंटला परतीचा रस्ताच उरत नाही. त्यातून बॅटरी चार्जिंगला लावून नुकतीच काढलेली असेल तर तिच्याभोवती हायड्रोजन असतो. एका ठिणगीने डबा फुटून ॲसिड तोंडावर उडू शकतं.

काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस बॉडीला जोडलेला असे. तशी एखादी हौसेने सांभाळली असेल, तर बॉडीला जोडलेलं टोक आधी सोडायचं, एवढं धरून चला.

वायरीच्या रंगावर तर विसंबूच नका. हातोहात फिरलेल्या गाडीत दोन्ही काळ्या निघतात. बॅटरीवरची खूण बघा. ती पुसली असेल तर मल्टिमीटर लावा.

आणि मायनस काढून तसाच बाजूला लोंबकळत ठेवू नका. जाड वायरीला स्प्रिंगसारखा ताण असतो, ती हळूच परत येऊन खांबाला टेकते. मी टोकावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवतो आणि वायर बांधून टाकतो.

चालू इंजिनवर बॅटरी काढून अल्टरनेटर ‘तपासणं’

डायनॅमोच्या जमान्यातली ही खोड अजून जात नाही. चार्जिंग चालू असताना बॅटरी काढली की व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जातो. मल्टिमीटर बॅटरीला लावा, इंजिन चालू करा. साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर चार्जिंग होतंय. असे उस्ताद भेटले की मी बोलायचंच बंद करतो.

थोडक्यात उरलेलं

कॅरिअरला किंवा चासीला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी काढाच, ईसीएमचे सॉकेटही सोडा, आणि वेल्डिंगची अर्थिंगची वायर जोडाच्या अगदी जवळ लावा. ऊसतोडणीच्या आधी घाईघाईत वेल्डिंग उरकणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

पिवळे सॉकेट म्हणजे एअरबॅग. बॅटरी काढल्यावरही त्याच्या युनिटमध्ये चार्ज उरतो. किती थांबायचं ते मॅन्युअलमध्ये असतं, कुठे दीड मिनिट, कुठे तीन. मी चहा पिऊन येतो.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांपैकी ज्या डिझेल गाड्यांत युरियाची टाकी आहे, त्यांत चावी बंद केल्यावरही पंप थोडा वेळ लाईन रिकामी करत असतो. लगेच बॅटरी तोडू नका.

ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये, म्हणजे एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, मिळून २४ व्होल्ट. चासीकडे जाणारा मायनस कुठला, ते आधी शोधा.

केशरी जाड वायरी दिसल्या की ती हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी. बारा व्होल्टची बॅटरी काढली म्हणून तिथे हात घालू नका. ते काम शिकलेल्याचंच.

बॅटरी डिकीत असेल तर ती काढल्यावर डिकी उघडी राहील याची सोय करा. इलेक्ट्रिक लॉकवाली डिकी बंद झाली की मग जोडणार कशी? रेडिओचा कोडही आधी लिहून ठेवा. हा कोड आणि स्टेशनं जाऊ नयेत म्हणून लायटरच्या सॉकेटमध्ये छोटी बॅटरी खुपसून ठेवणारेही आहेत. म्हणजे मायनस काढायचा आणि मागच्या दाराने वायरिंगला पुन्हा सप्लाय द्यायचा! स्टेशनं परत लावायला पाच मिनिटं लागतात, काचांची ऑटो सेटिंग तेवढ्याच वेळात होते.