चरचरणारी तबकडी आणि माझी चुकलेली श्रेणी

पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या ग्रामोफोन तबकड्या मी नाशिकमध्ये बरीच वर्षे जमवत आहे. १९७३ सालच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ची एक प्रत मला रविवार कारंज्याजवळ जुन्या सामानात मिळाली. त्या अल्बमची सुरुवातच हृदयाच्या मंद ठोक्यांनी होते, आणि नेमके ते ठोके चरचरीत बुडून जात असल्यामुळे मी तिला 'गुड' ही संग्राहकांच्या दर्जामापनातली खालची श्रेणी देऊन बाजूला ठेवले.

पुढे प्रखर दिव्याखाली तबकडी तिरकी धरून पाहिली, तेव्हा नखाला जाणवेल असा एकही ओरखडा आढळला नाही. खोबणींत होती ती पावसाळी दमटपणाने धरलेली बुरशी. तीन भाग डिस्टिल्ड वॉटर आणि एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल यांच्या मिश्रणात मऊ कापड भिजवून, मधले कागदी लेबल कोरडे राखत, मी ते खोबणींच्या दिशेने गोलाकार फिरवले, नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून तबकडी रात्रभर उभी वाळवली. (लाखेच्या जुन्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांना मात्र अल्कोहोल कधीही लावू नये, कारण त्यात लाख विरघळते.)

आता ठोके स्वच्छ ऐकू येतात. दुसऱ्या बाजूला दोन ठिकाणी बारीक टकटक उरली आहे, म्हणून 'निअर मिंट' (जवळजवळ नव्यासारखी) न म्हणता मी तिला त्याखालची 'व्हेरी गुड प्लस' ही श्रेणी दिली. डागाळलेल्या वेष्टनाची श्रेणी वेगळी नोंदवली आणि जुन्या कागदी पाकिटाऐवजी नवे पाकीट घातले.