ज्युरीची यादी तपासताना आधी छेद बघा

अमेरिकेत संख्याशास्त्र शिकून न्यायालयीन कामाकडे वळणाऱ्यांनी ज्युरीच्या निवडीतल्या भेदभावाबद्दलचा १९७७चा कास्टानेडा खटला एकदा कागद-पेन्सिल घेऊन सोडवावाच. टेक्सासच्या हिडाल्गो काउंटीत ७९.१ टक्के लोक मेक्सिकन वंशाचे होते. ११ वर्षांत ग्रँड ज्युरीसाठी (आरोप ठेवायचा की नाही ते ठरवणारी नागरिकांची समिती) ८७० जणांना बोलावलं, त्यांत ते फक्त ३३९. अपेक्षित होते ८७० × ०.७९१, म्हणजे ६८८. प्रमाण विचलनासाठी, म्हणजे निव्वळ योगायोगाने होणाऱ्या नेहमीच्या चढउताराच्या मापासाठी, ८७० × ०.७९१ × ०.२०९ चं वर्गमूळ काढा, १२ येतं. तफावत २९ प्रमाण विचलनांची! दोन-तीनच्या पुढे गेलं की योगायोगावर विश्वास ठेवणं कठीण, असं सर्वोच्च न्यायालयानेच तिथे नोंदवलं.

गणित एवढंच. घोळ होतो तो छेदात, म्हणजे टक्केवारी कुठल्या लोकसंख्येवर काढायची यात. याच खटल्यात मुख्य न्यायाधीश बर्गर यांनी विरोधी मत देताना एकूण लोकसंख्या धरण्यावरच बोट ठेवलं. ज्युरीत बसायला पात्र असलेले लोक मोजा, असं त्यांचं म्हणणं, आणि संख्याशास्त्र म्हणून ते रास्तच आहे. जनगणना विभागाच्या तक्त्यांतून १८ वर्षांवरचे नागरिक घ्या, तेही त्याच न्यायालयाच्या हद्दीतले.

मिशिगनच्या केंट काउंटीत पात्र लोकांत कृष्णवर्णीय ७.२८ टक्के होते, बोलावलेल्यांत ६ टक्के. नुसती वजाबाकी केली तर १.२८, अगदी किरकोळ. तीच ७.२८ने भागली तर जवळजवळ १८ टक्के गळती. छोट्या समाजाची हानी वजाबाकीत लपते. उलट एक लाख नावांच्या यादीत एवढ्याच वाट्याच्या समाजाचा अर्ध्या टक्क्याचा फरकही सुमारे सहा प्रमाण विचलनं दाखवतो. म्हणून अहवालात वजाबाकी, भागाकार आणि प्रमाण विचलनं ही तिन्ही मापं द्या. कोणतंच निर्दोष नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये याच काउंटीच्या प्रकरणात मान्य केलं.

ज्युरीच्या प्रश्नावलीतला वंशाचा रकाना बरेच जण कोरा सोडतात. ती नावं गुपचूप वगळू नका. सगळे कोरे एका गटाचे धरून आणि मग एकही त्या गटाचा नाही असं धरून, दोन्ही टोकांची उत्तरं काढा.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९७९च्या ड्युरेन निकालानुसार नुसती तफावत पुरत नाही, ती निवडीच्या पद्धतीतूनच येते हेही दाखवावं लागतं. त्यासाठी मूळ यादी, पाठवलेली पत्रं, परत आलेली पत्रं, सूट मिळालेले आणि हजर झालेले अशी टप्प्याटप्प्याने मोजणी हवी. कनेटिकटमध्ये हार्टफर्ड शहराच्या नावातलं शेवटचं ‘डी’ शेजारच्या रकान्यात गेलं, संगणकाने त्याचा अर्थ ‘मृत’ असा लावला आणि अख्खं शहर फेडरल ज्युरीच्या यादीतून गळलं. त्यामुळे पाठवलेल्या पत्रांची गावनिहाय मोजणी सुरुवातीलाच मागून घ्या. ज्या गावापुढे शून्य दिसेल, तिथून तपास सुरू करा.