सूतगिरणीत रात्रपाळीचा वॉचमन म्हणून लागताना

हातकणंगले-इचलकरंजी पट्ट्यातल्या सूतगिरणीत रात्रीची ड्युटी धरणाऱ्या नव्या माणसाला सगळेजण चोरीबद्दल बजावतात. ते खरंच आहे. पण जिथे कापूस आहे तिथे रात्रीचं पहिलं काम आगीवर लक्ष ठेवणं.

एजन्सीमार्फत लागत असाल तर 2005 च्या खासगी सुरक्षा कायद्याप्रमाणे वय 18 ते 65 हवं, पोलीस पडताळणी हवी आणि प्रशिक्षणही. केंद्राच्या आदर्श नियमांत ते 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष असं धरलंय. नुसता गणवेश चढवून गेटवर उभं करणाऱ्या ठेकेदाराकडे जाऊच नका.

चार्ज घेताना किल्ल्या मोजा, गोडाऊनची सीलं बघा, हायड्रंटच्या (आग विझवायच्या पाण्याच्या नळाच्या) गेजवरचा दाब रजिस्टरात लिहा. मग आधीच्या माणसाला विचारा, आज कापसाची गाडी कुठली उतरली? जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या, यंत्रात खडा किंवा लोखंडाचा तुकडा सापडला की ठिणगी उडते आणि कधीकधी ती कापूस दाबून बांधलेल्या गाठीतच दाबली जाते. गाठ साधारण 170 किलोची, इतकी घट्ट की आतला निखारा धूर न दाखवता दिवसेंदिवस धुमसतो. म्हणून नव्या लॉटजवळ रेंगाळा. जळक्या कापडासारखा वास येतोय का, एखादी बाजू हाताला कोमट लागते का, आवरणावर तपकिरी डाग पडलाय का, ते पाहा.

शंका आली तर आधी शिफ्ट इनचार्जला उठवा. गोडाऊनमध्ये गाठीला बांधलेली पट्टी तोडायची नाही. गाठ फुलते, आत हवा शिरते आणि भडका उडतो. बाकीच्या गाठींपासून लांब, उघड्यावर नेऊन मगच ती फोडायची आणि थर सुटे करत भिजवायची. वरून कितीही पाणी मारलं तरी आतला निखारा कोरडाच राहतो. भिजवलेली गाठ पुन्हा पेटू शकते, हे पुढच्या पाळीला लिहून द्या.

सुट्या कापसावर एक्स्टिंग्विशर जवळून मारला तर पेटलेले पुंजके उडून दुसरीकडे आग लावतात. लांबून, पाण्याचा फवारा करून मारा. इलेक्ट्रिक पॅनलवर मात्र पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडचाच सिलिंडर. हायड्रंटचा पाइप 15 मीटरचा असतो. नोझल दोघांनी धरायचं आणि व्हॉल्व्ह हळू उघडायचा, नाहीतर झटक्याने हातातून सुटतं.

रात्री 12 ला पाळी सुटते तेव्हा गेट सोडू नका. सूत बाहेर जायची नेहमीची वाट म्हणजे वेस्टची, म्हणजे वाया गेलेल्या कापसाची, पोती: वर झाडलोट, खाली सूत गुंडाळलेले भरलेले कोन. पोत्यात सळई घालून बघा. निर्यातीच्या कार्टनमध्ये बहुधा 1.89 किलोचे 24 कोन, म्हणजे 45.36 किलो निव्वळ सूत. गेटपासवरचे नग आणि काट्याची पावती यांचा हिशोब इथेच जुळवायचा. आत येताना गाडीचं वजन घेतलं तेव्हा क्लीनर बसलेला होता का, हेही लिहा. येताना वजनात धरलेला क्लीनर जाताना काट्यावर नसला, तर त्याच्या वजनाइतका माल निघून जातो.

गिरणीच्या गावात गेटवरचा प्रत्येकजण कुणाचा तरी भाऊ, मामा, शेजारी असतो. झडती पहिल्या रात्रीपासून सगळ्यांची सारखी घ्या. एकदा एकाला सोडलं की दुसऱ्याला अडवता येत नाही.

फेरीची वेळ रोज बदला. दोन ते चारच्या दरम्यान खुर्चीत टेकू नका. लांबची फेरी तेव्हाच ठेवा. कुंपणाकडे गवतात घोणस असते, म्हणून बूट, काठी आणि बॅटरी घेतल्याशिवाय तिकडे जायचं नाही. कुणाला चावलीच तर जखम कापू-बांधू नका, 108 लावा.