वाईनच्या द्राक्षांची तोडणी: साखर, आंबटपणा आणि नेमका दिवस

नाशकात गंगापूर धरणापासून दिंडोरीपर्यंतच्या बागांत वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) झाली की घड थंडीत पिकायला येतात, आणि रात्रीच्या गारव्यामुळे मण्यातला आंबटपणा टिकतो. फेब्रुवारीअखेर ऊन तापलं की मॅलिक आम्ल (मण्यातल्या आंबटपणाचा एक भाग) भराभर उतरतं. नाशकात साखर सहज चढते, आम्ल राखणं अवघड. खाण्याच्या द्राक्षाची सवय असलेला बागायतदार इथेच चुकतो: गोडी वाढतेय म्हणून घड वेलीवरच ठेवतो.

मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून गोडी धरू लागल्यावर, तीनेक आठवड्यांनी नमुने घ्यायला सुरुवात करा. आधी आठवड्यातून एकदा, तोडणी जवळ आली की दर दोन दिवसांनी, आणि नेहमी सकाळी त्याच वेळी. प्लॉटमधून १०० ते २०० सुटे मणी घ्या. कडेच्या ओळी आणि ओळीच्या टोकाची झाडं सोडा. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे, मधले आणि शेंड्याचे मणी यायला हवेत. हात आपोआप पिकलेल्या मण्याकडे जातो, म्हणून न बघता तोडलेलं बरं. नाहीतर साखर एक-दोन ब्रिक्सने (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं शेकडा प्रमाण) जास्त दिसते.

सगळे मणी पिशवीत चुरून रस गाळा. रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायचं उपकरण) डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणा आणि सावलीत वाचा. मग आम्ल मोजा. १० मिली रसात थोडं डिस्टिल्ड पाणी आणि फिनॉल्फ्थॅलीनचे (रंग बदलून आम्ल संपल्याचं दाखवणारं द्रव्य) दोन-तीन थेंब घाला. ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब सोडत गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकेपर्यंत थांबा. लागलेल्या मिलीला ०.७५ ने गुणलं की लिटरमागे टार्टारिक आम्लाचे ग्रॅम मिळतात: ९.२ मिली लागले तर ६.९ ग्रॅम. लाल जातींच्या रसात रंगबदल दिसत नाही, तिथे पीएच मीटर (पीएचचा आकडा जितका कमी, तितका रस आंबट) लावून ८.२ ला थांबा.

आता जातीनिहाय. स्पार्कलिंगसाठी, म्हणजे बुडबुड्यांच्या वाईनसाठी, शेनिन ब्लाँ १८-१९ ब्रिक्सलाच तोडतात, आम्ल भरपूर असतानाच. साध्या वाईनसाठी ती २१-२२ पर्यंत जाऊ द्यावी. तिचे घड घट्ट असतात, आतल्या मण्यांत हवा खेळत नाही, म्हणून कूज आधी तिथेच धरते. घड उघडून आत बघा. सोव्हिन्याँ ब्लाँ थोडी आधी, २०-२२ ला. उशीर केला की तिचा हिरवट, ताजा वास जातो, आणि मग तिला घेण्यात फारसा अर्थ उरत नाही. पांढऱ्यांचा पीएच ३.४ च्या आत असावा.

लाल जातींत नुसता आकडा पुरत नाही. शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ २३-२४ ब्रिक्स, पीएच ३.६ च्या आसपास असं धरलं, तरी मणी फोडून बी बघाच. बी हिरवी असेल आणि चावल्यावर तोंड आवळत असेल तर वाईन तुरट होणार. बी तपकिरी, कुरकुरीत हवी. शिराझचे मणी सुरकुतू लागले तर ब्रिक्स चढतो, पण तो पाणी उडाल्यामुळे. नवी साखर तयार झालेली नसते. ठिबक एकदम बंद केल्यावर हेच होतं. पाणी कमी करा, एकदम बंद करू नका. झिनफंडेलच्या एकाच घडात कच्चे मणी आणि मनुके शेजारी-शेजारी सापडतात, तिथे मोठा नमुना घ्या.

भुरीसाठी (पांढरी बुरशी) मारलेलं गंधक तोडणीच्या किमान महिनाभर आधी थांबवा. ते मण्यावर राहिलं तर आंबवताना सडक्या अंड्याचा वास येतो. बाकी औषधांचा काळ लेबलवर दिलेला असतो, तो पाळा. अवकाळी पाऊस झाला आणि मणी तडकले नसतील तर दोन-तीन दिवस थांबा, साखर पुन्हा वर येते. कूज दिसली तर मात्र आकडे बाजूला ठेवा आणि निवडून लगेच तोडा.

तोडणी पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत संपवा. क्रेट काठोकाठ भरू नका. खालचे मणी दबले की रस सुटतो आणि वायनरीत पोचेपर्यंत जंगली यीस्टने तो आंबायला लागतो. भरलेल्या क्रेट सावलीत ठेवा, आणि वायनरीतल्या प्रेसची (रस काढायचं दाबयंत्र) वेळ आदल्या दिवशीच ठरवा.