चल्लस-आठ: चार चिंचोके, पंचवीस घरं आणि अख्खी दुपार

पावसाची झड लागलेली असो, घरात कोणी आजारपणातून नुकतं उठलेलं असो की मे महिन्यातली बारा ते चारची दुपार असो, दोघा-चौघांना तासभर खिळवून ठेवायला चार चिंचोके पुरतात. खेळाचं नाव चल्लस-आठ. चिंचोके फाशांसारखे टाकायचे आणि पडेल त्या दानाएवढी घरं सोंगटी पटावर पुढे न्यायची. चल्लस म्हणजे चार. या खेळातली मोठी दानं दोनच, चार आणि आठ, त्यावरूनच हे नाव. कर्नाटकात हाच खेळ चौकाबारा म्हणून खेळतात, तेलुगू घरांत अष्टा-चम्मा म्हणून. नियम घरागणिक थोडे बदलतात, म्हणून खेळायला बसण्याआधी ते मोठ्याने बोलून घ्यावेत. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

चिंचोके

या खेळात सगळ्यात जास्त वेळ चिंचोक्यांना द्यावा. एका आकाराचे, रुंद आणि चपटे आठ-दहा निवडून घ्या. चौकोनी, फुगीर चिंचोका कडेवर लोळत राहतो, तो नको. चिंचेच्या कोळातून काढलेले असतील तर धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. भाजू मात्र नका. भाजल्यावर तपकिरी टरफल सुटतं, दोन्ही बाजू पांढऱ्या दिसतात आणि दान मोजताच येत नाही. पाण्यात भिजत राहिले तरी हेच होतं.

आता एकच बाजू पांढरी करायची. चिंचोका अंगठा आणि दोन बोटांत धरून खरबरीत दगडावर किंवा सिमेंटच्या कठड्यावर पुढे-मागे घासा. आधी टरफलाची तपकिरी भुकटी पडते, मग मधोमध पांढरा ठिपका उमटतो आणि हळूहळू कडेपर्यंत पसरतो. घासताना चिंचोका चांगलाच तापतो, बोटाला चटका बसतो. मध्ये थांबून फुंकर मारा. पांढरा भाग कडेला टेकला की थांबायचं. त्यापुढे घासलं तर कड पातळ होऊन टवका उडतो. सुरीचं पातं शिवेवर ठेवून, वरून बत्त्याने ठोकून चिंचोक्याची दोन दळंही करतात. ते लवकर होतं, पण बऱ्याचदा चिंचोका आडवा फुटतो आणि पातं सटकायची भीती असते. मुलांच्या हाती हे काम देऊ नका.

चिंचोका खरा आहे का, हे तपासायला तो एकटाच ५० वेळा टाका. पांढरी बाजू साधारण २५ वेळा वर यायला हवी. १८ ते ३२ च्या आत असेल तर ठेवा, बाहेर गेला तर बदला. ही कटकट वाटते, पण एकाच चिंचोक्याची काळी, म्हणजे न घासलेली तपकिरी बाजू सतत वर येत असेल तर अख्ख्या डावाची मजा जाते.

पट

खडूने फरशीवर ५ × ५ घरं आखली की काम झालं. रोज खेळणार असाल तर मांजरपाटावर शिवून घ्या. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करा. मांजरपाट आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर घरं वाकडी होतात. ४० सेंमीचा चौकोन कापा, चारही कडा १ सेंमी दुमडून शिवा. आत पट्टी-पेन्सिलीने ३० सेंमीचा चौकोन आणि त्यात ६ सेंमीची घरं आखा. यापेक्षा लहान घरात चार सोंगट्या मावत नाहीत. भरतकामाच्या दोऱ्याचे सहापैकी तीन पदर घेऊन अर्ध्या सेंमीचा धावदोरा घाला. ८ मीटरची एक लडी पुरून उरते. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि पटाच्या मधोमध असलेल्या घरात फुली घाला. फुलीचा टाका तिरका जातो आणि तिरकं कापड ताणलं जातं, म्हणून तिथे दोरा ओढू नका, नाहीतर घराला चुणी पडते.

सोंगट्या प्रत्येकी चार. बांगड्यांचे तुकडे, बटणं, खडे, काहीही चालेल, रंग वेगळे हवेत. गुंजा दिसायला सुरेख, पण चावल्या गेल्या तर विषारी, त्यामुळे लहान मुलांच्या घरात नकोतच.

खेळ

आपल्या बाजूची मधली फुली हे आपलं घर. चारही सोंगट्या तिथे ठेवा. चिंचोके ओंजळीत खुळखुळवून वीतभर उंचीवरून सपाट जमिनीवर टाका. एक, दोन किंवा तीन पांढरे पडले तर तेवढी घरं. चारही पांढरे म्हणजे चल्लस, चारही काळे म्हणजे आठ. या दोन्हींवर पुन्हा एकदा टाकायला मिळतं. सलग तीनदा चल्लस किंवा आठ पडलं तर ती तिन्ही दानं जळतात. एखादा चिंचोका दुसऱ्यावर चढला किंवा भिंतीला टेकून उभा राहिला तर चारही परत टाका. गादीवर ते कलतात. आजारी माणसाबरोबर पलंगावर खेळत असाल तर मोठं ताट उपडं ठेवून त्यावर टाका.

सोंगटी आपल्या उजव्या हाताला निघते आणि कडेच्या घरांतून घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. पंधरा घरं गेल्यावर ती आपल्या घराच्या अलीकडे, डाव्या हाताच्या घरात येते. तिथून आत वळायचं, आतल्या आठ घरांतून घड्याळाच्या दिशेने फिरायचं आणि मधल्या फुलीत पिकायचं, म्हणजे त्या सोंगटीचा फेरा संपला. एकूण चोवीस घरं. समोरच्याची सोंगटी असलेल्या घरात आपली पडली तर ती मेली, परत तिच्या घरी. मारणाऱ्याला एक जादा दान. फुलीवर कोणी कोणाला मारत नाही. मधल्या घरात जायला नेमकं दान लागतं.

दोन नियमांबद्दल आमचं मत ठाम आहे. एकही सोंगटी न मारता आतल्या चौकात प्रवेश नाही, हा नियम ठेवाच. ज्याने मार केली नाही त्याची सोंगटी बाहेरच पुन्हा फेरा घालते. हा नियम काढला की उरते ती नुसती शर्यत. उलट, चल्लस किंवा आठ पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर काढायची नाही, हा नियम सोडून द्या. चल्लस किंवा आठ सरासरी आठ दानांत एकदाच पडतं. तोवर लहान मूल उठून टीव्हीसमोर जाऊन बसतं.

कुठे थांबायचं

हा खेळ नशिबाचा म्हणतात, पण दान पडल्यावर चारातली कोणती सोंगटी हलवायची ते आपल्या हातात असतं. चार चिंचोक्यांच्या १६ शक्यतांपैकी दोनाच्या ६, एकाच्या ४, तिनाच्या ४, चल्लसची १ आणि आठाची १. म्हणजे शत्रूच्या दोन घरं पुढे थांबणं सगळ्यात धोक्याचं. एक आणि तीन त्याखालोखाल. चार घरं पुढे असाल तर धोका एकदम सोळात एकावर येतो. पाच, सहा, सात घरांवर एका दानात कोणी पोहोचूच शकत नाही. आधी चल्लस पडून वर हवं ते दान पडावं लागतं. आठव्या घरावर पुन्हा सोळात एक. नव्याने खेळणारा पुढे पळायच्या नादात नेमका शत्रूच्या तोंडासमोर थांबतो.

शेवटीही हेच गणित. मधल्या घराच्या एक घर अलीकडे उभं राहण्यापेक्षा दोन घरं अलीकडे, आतल्या चौकाच्या कोपऱ्यात थांबलेलं बरं. दोनाचं दान एकापेक्षा दीडपट वेळा पडतं. फक्त मागून येणाऱ्यावर लक्ष ठेवा, तिथे फुली नाही.

घरात एकटेच असाल तर दोन बाजू मांडा आणि प्रत्येकीला एक स्वभाव द्या. एक बाजू दिसेल ती सोंगटी मारते, दुसरी शक्य तेव्हा फुलीवर बसते. कोणती किती डाव जिंकते ते वहीत मांडत जा. मोह झाला तरी स्वभाव मोडायचा नाही.

खेळ झाल्यावर चिंचोके घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवा. चिंचोक्याला कीड लागते. बारीक भोक दिसलं तर तो काढून टाका. आतून पोखरलेला चिंचोका हलका होतो आणि त्याचं पडणं बदलतं. घासून, तपासून ठेवलेले दोन जादा चिंचोके डबीत असू द्या.