‘अकाउंट्सची सर्व कामे’ असं लिहू नका: दोन-तीन वर्षांच्या अनुभवावर सीव्ही कसा लिहावा

सीएच्या ऑफिसात किंवा छोट्या कारखान्याच्या अकाउंट्समध्ये दोन-तीन वर्षं काढलेल्या बी.कॉम. मुलामुलींचे सीव्ही एकत्र ठेवले आणि वरची नावं झाकली, तर कोणाचा कोणता हे ओळखता येत नाही. सगळ्यांनी टॅली केलेलं, सगळ्यांनी जीएसटी पाहिलेलं, सगळे मेहनती आणि प्रामाणिक. निवडणाऱ्याला मात्र एवढंच कळायला हवं असतं, की या व्यक्तीला रुजू झाल्या दिवशी कोणतं काम बिनघोर देता येईल आणि कोणतं शिकवावं लागेल. सीव्हीतून तेच कळत नाही.

म्हणून इथे अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठीचा सीव्ही उदाहरणाला घेतला आहे. खाजगी नोकरीत सीव्ही बहुतेक वेळा इंग्रजीतच द्यावा लागतो. खालच्या नमुन्याच्या ओळी मराठीत आहेत, त्या साध्या इंग्रजीत उतरवायच्या. अवघड इंग्रजी शब्द शोधायला जाऊ नका, मुलाखतीत ते तोंडात बसत नाहीत.

आधी जाहिरात वाचा

समजा जाहिरातीत असं आहे: दोन ते चार वर्षं अनुभव, टॅली प्राइम, जीएसटी रिटर्न, बँक रिकन्सिलिएशन (आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं), ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचं बिल), एक्सेल, ठिकाण भोसरी. यातला प्रत्येक शब्द वेगळा लिहून काढा आणि त्यापुढे खूण करा: स्वतः केलं आहे, कुणाच्या हाताखाली केलं आहे, केलेलं नाही. पहिल्या दोन खुणांचं सगळं सीव्हीच्या वरच्या अर्ध्या पानात, जाहिरातीतल्याच शब्दांत यायला हवं. जाहिरातीत ‘बँक रिकन्सिलिएशन’ असेल तर तुम्ही ‘बँकेची कामे’ लिहू नका. नोकरीच्या पोर्टलवर एचआरवाले शब्द टाकून शोधतात. तो शब्द तुमच्या फाइलमध्ये नसेल तर तुमचं नाव त्यांच्यासमोर येणारच नाही.

तिसऱ्या खुणेचं काही लिहायचं नाही. सहा गोष्टींपैकी चार येत असतील तर बेधडक अर्ज करा, सहाही येणारा माणूस त्या पगारात क्वचितच मिळतो.

अनुभवाच्या ओळी: सगळा जोर इथे

काम लिहिताना प्रत्येक ओळीला तीन गोष्टी विचारा: काय केलं, कशावर केलं, किती केलं. बहुतेक सीव्हींत पाहायला मिळणारी ओळ अशी असते:

‘अकाउंट्सची सर्व कामे, जीएसटी, टीडीएस व बँकेची कामे पाहिली.’

तेच काम नीट लिहिलं तर:

‘टॅली प्राइमवर १४ क्लायंटच्या खरेदी, विक्री व बँक नोंदी, महिन्याला सुमारे ९०० व्हाउचर.’

‘खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी दर महिन्याला जुळवून, न दिसलेल्या इनपुट क्रेडिटची पुरवठादारनिहाय यादी व पाठपुरावा.’

‘९ क्लायंटच्या जीएसटीआर-१ आणि ३बीचे आकडे तयार करणे, अंतिम तपासणी व फायलिंग सीएंकडे.’

‘५ बँक खात्यांचे मासिक रिकन्सिलिएशन, न वटलेले चेक व बँक चार्जेसच्या नोंदी.’

(व्हाउचर म्हणजे टॅलीतली एक नोंद. जीएसटीआर-१ हे विक्रीचं रिटर्न, ३बी हे कराच्या हिशेबाचं. इनपुट क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेला, आपल्या करातून वजा मिळणारा जीएसटी, आणि २बी म्हणजे पुरवठादारांच्या रिटर्नवरून तयार होणारं त्याचं पत्रक.) आकडे अर्थातच तुमचे हवेत. ‘आम्ही काही मोजलं नव्हतं’ ही अडचण सगळ्यांनाच येते, पण टॅली प्राइममध्ये ती सुटते. डिस्प्ले मोअर रिपोर्ट्समध्ये स्टेटमेंट्स ऑफ अकाउंट्सखाली स्टॅटिस्टिक्स नावाचा रिपोर्ट आहे. कालावधी निवडला की कोणत्या प्रकारची किती व्हाउचर झाली ते तिथे दिसतं. नोकरी सोडण्याआधी तो एकदा पाहून फक्त आकडा टिपून ठेवा. क्लायंटचा डेटा, प्रिंट, स्क्रीनशॉट यांतलं काहीही बाहेर न्यायचं नाही. क्लायंटची नावंही सीव्हीत घालू नका. ‘कापड व्यापारी, दोन हॉटेल, एक इंजिनिअरिंग वर्कशॉप’ एवढं पुरतं, आणि त्यातून तुम्ही कोणत्या धंद्याची बिलं पाहिली आहेत हेही कळतं.

वरच्या तिसऱ्या ओळीतला ‘अंतिम तपासणी व फायलिंग सीएंकडे’ हा तुकडा पुष्कळ जण गाळतात, कमीपणा वाटतो म्हणून. तो ठेवा. ‘जीएसटी रिटर्न भरली’ असं लिहिलंत की पुढचा प्रश्न ठरलेला: ३बीमध्ये इनपुट क्रेडिट कोणत्या टेबलात येतं? रिव्हर्स चार्ज (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा कर) कुठे दाखवायचा? स्वतः भरणाऱ्याला टेबल ४ आणि ३.१(डी) झोपेतही आठवतं. ज्याने फक्त आकडे काढून दिले तो अडखळतो, आणि मग वरच्या खऱ्या ओळींवरही विश्वास उरत नाही. शिवाय मासिक रिटर्नचं चक्र माहीत असणं, म्हणजे ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, १४ला २बी तयार, २०पर्यंत ३बी, हे तयारी करणाऱ्यालाही सांगता येतं. तेवढ्यावर नोकरी मिळते.

ई-वे बिलाचंही तसंच. ‘ई-वे बिल येतं’ याऐवजी ‘दिवसाला १० ते १५ ई-वे बिले, महाराष्ट्रात व राज्याबाहेर’ असं लिहा. मग राज्यांतर्गत १ लाखाची आणि राज्याबाहेर ५० हजारांची मर्यादा विचारली तर ती सांगता यायला हवी.

एक्सेलबद्दल ‘चांगलं ज्ञान’ लिहून उपयोग नाही. काय वापरता ते लिहा: व्हीलुकअप, पिव्होट टेबल, सम-इफ, दोन याद्या जुळवणं. अनेक ठिकाणी मुलाखतीत लॅपटॉप पुढे सरकवतात आणि दोन शीट देऊन फरक काढायला सांगतात. पिव्होट येत नसेल तर तो शब्द काढा, किंवा रविवारचे दोन तास घालून शिका आणि मग लिहा.

दुसऱ्या क्षेत्रातही हेच तीन प्रश्न लावायचे. आयटीआय मशिनिस्टने ‘व्हीएमसी मशीन (संगणकाच्या नियंत्रणावर धातू कापणारं मशीन) चालवली’ एवढंच लिहिलं तर तो ऑपरेटर, सेटर की प्रोग्रामर हे कळत नाही, आणि या तिघांचे पगार वेगळे असतात. ‘फॅनुक कंट्रोलच्या व्हीएमसीवर अॅल्युमिनियम हाउसिंग, जॉब सेटिंग, टूल ऑफसेट, पहिल्या नगाची तपासणी, मायक्रोमीटर व बोअर गेज वापर’ असं लिहिलं की प्रॉडक्शन मॅनेजर तिथेच पेन थांबवतो.

पीएफ पासबुकाशी जुळणाऱ्या तारखा

प्रत्येक नोकरीपुढे महिना आणि वर्ष, दोन्ही द्या. नुसतं ‘२०२२-२०२३’ लिहिलं तर ते दोन महिनेही असू शकतात आणि चोवीसही, आणि वाचणारा दोनच धरतो. पीएफ कापला जात असेल तर युएएनच्या (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) सर्व्हिस हिस्टरीत रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख असते. पडताळणी करणाऱ्या एजन्सी ती मागतात, त्यामुळे सीव्ही लिहिण्याआधी लॉगिन करून स्वतः पाहा. सोडल्याची तारीख जुन्या मालकाने भरलीच नाही, हा प्रकार नेहमीचा आहे. ती आधीच भरून घ्या, नव्या ऑफर लेटरनंतर धावाधाव नको.

ठेकेदारामार्फत काम केलेल्यांची इथे हमखास गफलत होते. काम चाकणच्या मोठ्या कंपनीत, पण पगार आणि पीएफ मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या नावावर. सीव्हीत फक्त मोठ्या कंपनीचं नाव टाकलं की पडताळणीत ‘असा कर्मचारी आमच्याकडे नव्हता’ असं उत्तर येतं आणि हातातली ऑफर जाते. सरळ दोन्ही लिहा: आधी ठेकेदार संस्थेचं नाव, पुढे ‘कामाचे ठिकाण’ म्हणून कंपनी. यात लपवण्यासारखं काही नाही, एमआयडीसीतल्या एचआरला ही पद्धत तोंडपाठ असते.

मधली रिकामी वर्षं

पुण्यात खोली घेऊन राज्यसेवेचा अभ्यास करण्यात गेलेली दोन-तीन वर्षं अनेकांच्या सीव्हीत नुसती कोरी सोडलेली असतात. कोऱ्या जागेवरून वाचणारा नाही ते तर्क लढवतो. एक ओळ लिहा: ‘जुलै २०२२ ते मे २०२४: एमपीएससी राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी.’ पूर्व परीक्षा पास झाला असाल तर वर्षासह तेही. मुलाखतीत पुढचा प्रश्न ‘परत परीक्षा देणार का?’ हाच असतो, त्याचं उत्तर घरूनच ठरवून जा. बाळंतपण, घरातलं आजारपण, शेती यांसाठीही एकच ओळ पुरे. कारणांचा परिच्छेद लिहू नका. त्या काळात टायपिंगची जीसीसी-टीबीसी परीक्षा दिली, शेजारच्या दुकानाची बिलं टॅलीत चढवली, असं काही खरंच केलं असेल तर ते त्याच ओळीखाली येऊ द्या.

शिक्षण, आणि काय गाळायचं

शिक्षण अलीकडचं आधी. दोन वर्षं अनुभव झाल्यावर एक-एक ओळ बास: पदवी, विद्यापीठ, वर्ष, टक्के किंवा सीजीपीए. सीजीपीएचे टक्के करायचे असतील तर तुमच्या विद्यापीठाचंच सूत्र वापरा. सरसकट ९.५ने गुणणं चूक आहे, ते गणित सीबीएसईच्या दहावीचं होतं. फ्रेशर असाल तर दहावी-बारावीचे टक्केही द्या, कारण काही कंपन्या सगळीकडे ६० टक्क्यांची अट लावतात. एखादा विषय अजून राहिला असेल तर ‘बी.कॉम. उत्तीर्ण’ लिहू नका. मूळ गुणपत्रिका मागितली की ते उघड होतं.

वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, उंची, छंद, आणि शेवटी ‘वरील माहिती सत्य आहे’ अशी सही असलेला कागद हा लग्नाच्या बायोडेट्याचा चुलतभाऊ, फक्त रास-नाडी नाही एवढंच. खाजगी नोकरीसाठी हे सगळं काढा. आधार आणि पॅन क्रमांक तर कधीच टाकू नका, ही फाइल कोणाकोणाच्या मोबाइलवर फिरेल याला धरबंध नसतो. फोटो मागितला तरच द्यायचा. सरकारी किंवा संस्थेच्या भरतीत विहित नमुना असेल तर मात्र तो जसाच्या तसा भरायचा, तिथे स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

वर नावाखाली एक मोबाइल क्रमांक, एक साधा ईमेल (नाव आणि आडनावाचा, शाळेत असताना काढलेला ‘रॉकस्टार’वाला नको) आणि राहण्याचं ठिकाण. पूर्ण पत्ता नको, पण ‘पिंपरी, भोसरीला दुचाकीने ये-जा’ हे उपयोगाचं आहे. लांबून येणारा सहा महिन्यांत सोडेल ही धास्ती छोट्या कंपन्यांना असतेच. त्याखाली ‘आव्हानात्मक वातावरणात प्रगती’ वगैरे ध्येय लिहिण्याऐवजी दोन ओळींत अनुभवाची वर्षं, हातखंड्याची तीन कामं आणि नोटीस पीरियड सांगा. पगाराची अपेक्षा सीव्हीत नको, फोनवर बोलता येते.

फाइल आणि पाठवणं

पाच वर्षांपर्यंतच्या अनुभवाला एक पान. अक्षर १०.५ किंवा ११ पॉइंट, चारही बाजूंना दोन सेंटिमीटर मोकळी जागा, एकच फाँट. कॅनव्हावरचे दोन रकान्यांचे, ‘एक्सेल चार तारे’ अशा चित्रांचे नमुने दिसायला छान असतात, पण पोर्टलचं सॉफ्टवेअर रकाने ओलांडून ओळी वाचतं आणि मजकुराची खिचडी होते. तपासायची सोपी रीत: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे क्रम बिघडला किंवा शब्द गायब झाले, तर पोर्टललाही तसंच दिसणार. मराठीत सीव्ही मागितला असेल तर युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेव किंवा श्रीलिपीत केलेली वर्ड फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसतात.

फाइलला ‘रेझ्युमे फायनल न्यू २’ हे नाव ठेवू नका; नाव, आडनाव आणि पद ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. छापलेल्या पानाचा मोबाइलने काढलेला फोटो एचआरला त्यांच्या यादीत चढवता येत नाही. ईमेलच्या विषयात पद, अनुभव, नोटीस पीरियड: ‘अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, २ वर्षे ८ महिने, ३० दिवस नोटीस’. मजकूर तीन-चार ओळींचा, ईमेल रिकामा ठेवून नुसती फाइल जोडू नका. पन्नास कंपन्यांना एकाच ईमेलने, सगळ्यांचे पत्ते दिसतील असं पाठवणं तर अर्ज न करण्यासारखंच.

कोणत्या कंपनीला कोणती प्रत गेली याची नोंद वहीत ठेवा: तारीख, पद, फाइलचं नाव. फोन तीन आठवड्यांनी येतो, समोरचा तुमच्या कागदावर बोट ठेवून ‘हे ९०० व्हाउचर म्हणजे नक्की काय?’ असं विचारतो, आणि त्या वेळी तोच कागद तुमच्याही समोर हवा.