आजारी कोंबडीवर घरी उपचार करताना या चुका टाळा

आषाढातल्या झडीत परड्यातली एखादी कोंबडी पिसे फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी राहिली की अर्धे घर तिच्यामागे धावते. मुले चहूबाजूंनी घेरतात, ती गोठ्यापासून माडाच्या आळ्यापर्यंत पळते आणि अखेर पाय धरून उलटी उचलली जाते. माझ्या मते घरगुती उपचारातली सर्वांत मोठी चूक इथेच होते, कारण औषध देण्याआधीच तिची उरलीसुरली ताकद संपलेली असते.

कोंबडीला आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड हलवून ती हवा आत घेते, त्यामुळे छाती घट्ट आवळली तर तिचा श्वास कोंडतो. उलटी धरल्यास पोटातल्या अवयवांचा भार हवेच्या पिशव्यांवर पडतो आणि गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीतले पाणी घशात येऊ शकते. शिवाय तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तिला घाम येत नाही, म्हणून किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात पळवलेली आजारी कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकू लागते. अंधारात तिला फारसे दिसत नाही, हा गुण आपल्या उपयोगाचा आहे. तातडी नसेल तर तिन्हीसांजेनंतर, मंद उजेडात, दोन्ही तळव्यांनी पंख अंगाशी धरून तिला हळूच उचलावे, डोळ्यांवर पातळ फडके टाकावे आणि काखेत घ्यावे. बहुतेक कोंबड्या घटकाभरात शांत होतात.

त्याआधी ती खरोखर आजारी आहे का, हे पाहावे. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी कोंबडीही फुगून बसते, कमी खाते आणि तिचा तुरा फिका पडतो. मात्र हात लावताच ती गुरगुरते आणि दिवसातून एखाद्या वेळी उठून दाणे टिपते. दिवसातून काही वेळा पडणारी तपकिरी, चिकट आणि उग्र वासाची विष्ठाही हगवण नसते. ती आतड्याच्या एका वेगळ्या भागातून येते. हिरवट पातळ विष्ठा, विष्ठेत रक्त, वाकडी होणारी मान किंवा श्वास घेताना येणारा घरघर आवाज ही मात्र काळजीची चिन्हे आहेत.

आजारी कोंबडी वेगळी ठेवायची म्हणून तिला चुलीजवळ बांधण्याची रीत अनेक घरांत आहे. ऊब मिळते हे खरे, पण धूर तिच्या नाजूक श्वसनमार्गाला घातक असतो. पडवीच्या कोरड्या कोपऱ्यात भाताचा तूस पसरून त्यावर डालगे पालथे घालावे आणि अर्ध्या डालग्यावर गोणपाट टाकावे, म्हणजे वारा अडतो, अंधार राहतो आणि खालून हवाही खेळते. इतर कोंबड्यांचा आवाज तिच्या कानावर पडेल, पण त्यांची चोच तिच्या पाण्याच्या भांड्याला लागणार नाही, इतके अंतर असावे. तिची देखभाल निरोगी कोंबड्यांचे सारे आटोपल्यावर, शेवटी करावी.

चोच फाकवून चमच्याने पाणी ओतणे ही जीवघेणी चूक आहे, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि ओतलेले पाणी सरळ तिथे उतरू शकते. मान ताणू नये; चोचीच्या कडेला एक थेंब ठेवावा, तिने गिळला की पुढचा. मऊ भात किंवा कण्यांची पेज समोर ठेवावी, पण मिठाशिवाय. खाऱ्या सुक्या मासळीची डोकी कोंबड्यांना टाकण्याची सवय किनाऱ्यावर सर्रास आहे. जास्त मिठाने तहान वाढते आणि विष्ठा पाण्यासारखी होते, म्हणून आजारपणात ती पूर्ण बंद करावी.

औषधांबाबत सर्वाधिक गल्लत मानमोडीत होते. हा राणीखेत रोग विषाणूमुळे होतो, त्यामुळे घरात उरलेल्या माणसांच्या प्रतिजैविक गोळ्या कुटून दिल्याने तो बरा होत नाही. त्यावरची लासोटा लस पिल्ले ५ ते ७ दिवसांची असताना डोळ्यात किंवा नाकात एक थेंब द्यायची असते. रोग शिरल्यावर आजारी पक्ष्यांना लस टोचणे म्हणजे उशीर झालेला असतो. देवी रोगात तुऱ्यावरच्या खपल्या उपटू नयेत, कारण त्या खपल्यांतच विषाणू असतो. त्याऐवजी परड्यातल्या पालथ्या न केलेल्या करवंट्या उचलाव्यात, कारण त्यांत वाढणारे डासही हा रोग पसरवतात. रक्ती हगवणीचे मूळ ओल्या तुसात असते, म्हणून आधी तूस बदलावा. तिचे औषध पाण्यातून देता येते, त्यामुळे कोंबडीला धरावे लागत नाही, ही मोठी सोय आहे. मात्र मात्रा पशुवैद्यकांनीच ठरवावी आणि त्या काळात कोंबड्या बाहेर सोडू नयेत, नाहीतर त्या डबक्यातले पाणी पितात आणि औषधाचे भांडे भरलेले राहते. अशा औषधानंतर अंडी किती दिवस खाऊ नयेत, हेही त्यांनाच विचारावे.

उवा-पिसवांवर रॉकेल किंवा तंबाखूचे पाणी लावू नये. दोन्ही विषारी आहेत. चाळलेल्या कोरड्या राखेचा खड्डा केल्यास कोंबडी स्वतःच त्यात लोळते.

एकाएकी अनेक पक्षी मेले, तर घरचे उपचार तिथेच थांबवावेत. भारतात बर्ड फ्लू प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर इथे आढळला होता, ही आठवण पुरेशी आहे. असे पक्षी कापू नयेत, खाऊ नयेत, खाडीत टाकू नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे.

बरी झालेली कोंबडी भरदिवसा कळपात सोडली तर बाकीच्या तिला टोचून रक्तबंबाळ करतात. तिला रात्री, सगळ्या झोपल्यावर, खुराड्यात त्यांच्या शेजारी अलगद ठेवावे आणि सकाळी खुराडे उघडताना दाणे दोन-तीन ठिकाणी विखरून टाकावेत.